नांगर विकणारा माणूस

मार्केटिंग हा विषय मेकॅनिकलवाल्यांचा नाही, तो एमबीएवाल्यांचा, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. आपण वस्तू बनवायची. ती कुणाच्या गळ्यात कशी मारायची ते टाय लावलेली माणसं बघतील! ज्यांचा असा समज आहे त्यांच्यासाठी मी आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. हा माणूस आपल्यासारखाच ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला, लेथवर हात काळे करणारा. पण आयुष्यभर त्याने नुसत्या वस्तू बनवल्या नाहीत. लोकांना जी वस्तू नको होती ती त्यांना हवीशी वाटायला लावली. हे काम चांगलं की वाईट? मला वाटतं, ते कसं केलं त्यावर आहे. आणि नेमकं हेच बघायला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आयुष्य उपयोगी पडतं.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. किर्लोस्करवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हे नाव आम्हाला नवं नाही. आमच्या गोठ्यामागे एक जुना लोखंडी नांगर अजून पडून आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही, पण आजोबा तो भंगारात काही घालू देत नाहीत. इथे मिरा रोडला शिकायला आल्यावर आमच्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, पंपवाले किर्लोस्कर का? हो, तेच. पण पंपाच्या आधी नांगर होता, नांगराच्या आधी कडबा कापायचं यंत्र होतं, आणि त्याच्याही आधी सायकल होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. शाळेच्या पुस्तकात मन लागेना. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. घरच्यांची फारशी इच्छा नसताना १८८५ च्या सुमारास ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोन वर्षं काढल्यावर कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाचं याहून मोठं नुकसान काय असणार? पण रेषा तर हातात होती. रंग नको असलेली चित्रकला म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग. ते शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. तेव्हा ही संस्था माटुंग्याला नव्हती, भायखळ्याला होती. तिथल्या वर्कशॉपमध्ये मशीन उघडायची, समजून घ्यायची, पुन्हा जोडायची, हा त्यांचा खरा अभ्यासक्रम.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसू लागली होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि बेळगावला थोरल्या भावाला, रामूअण्णांना, सांगितलं की आपण ही विकू. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स हे दुकान सुरू झालं. मुंबईहून सायकली पाठवायचं काम लक्ष्मणरावांचं, तिकडे विकायचं आणि दुरुस्तीचं रामूअण्णांचं.

आता विचार करा, १८८८ सालच्या बेळगावात सायकलची गरज कुणाला होती? कुणालाच नाही. माणसं चालत होती, बैलगाड्या होत्या, श्रीमंतांकडे टांगे होते. सायकल सामान्य माणसाच्या खिशापलीकडची. ती घेणार तो वकील, डॉक्टर, सरकारी साहेब. आणि घेतली तरी चालवायची कशी? म्हणून रामूअण्णा सायकल चालवायला शिकवत आणि त्याचे १५ रुपये घेत. मला हा तपशील फार आवडतो. नवी वस्तू आधी शिकवावी लागते, आणि शिकवण्याचेही पैसे होतात! पण त्यात लबाडी नव्हती. जो पंधरा रुपये देई तो पडत झडत का होईना, सायकल चालवत घरी जाई. पैसे कशाचे दिले ते त्याच्या गुडघ्यांना कळत असे.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या काळची सायकल ही बरीचशी मिरवायची वस्तू होती. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या काही बाइक्सइतकीच. किर्लोस्करांचा धंदा गरजेपासून सुरू झाला असं म्हणता येणार नाही, तो हौसेपासून सुरू झाला.

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. सायकलच्या दुकानात आता दोघे भाऊ. पण दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचा जीव रमेना. त्यांनी छोटं वर्कशॉप टाकलं आणि कडबा कापायचं यंत्र बनवायला घेतलं. ज्यांनी गुरं पाळली आहेत त्यांना ठाऊक असेल, अख्खी पेंढी टाकली की जनावर पानं खातं आणि जाड ताटं तुडवतं. बारीक केलेला कडबा वाया जात नाही. यंत्राचा फायदा पहिल्याच दिवशी गव्हाणीत दिसतो.

मग १९०३ मध्ये आला लोखंडी नांगर. (त्याच वर्षी लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनू जन्मला, हेच पुढचे शंतनुराव किर्लोस्कर.) खरी गोष्ट इथे सुरू होते, म्हणून इथे जरा थांबतो.

लाकडी नांगर माती फाडतो, पण पालथी घालत नाही. वरच्या काही इंचांत रेघ ओढल्यासारखं त्याचं काम. आमच्याकडच्या काळ्या रानात कुंदा आणि हरळी नावाची दोन तणं आहेत, त्यांच्या मुळ्या खोल जातात. लाकडी नांगराने ती वरून तुटतात आणि पावसाळ्यात पुन्हा हजर! लोखंडी नांगराच्या फाळामागे वाकवलेला पत्रा असतो. फाळ खालून माती कापतो आणि तो पत्रा ती उचलून उलटी करतो. खालची मुळी वर येते, उन्हाळ्यात भाजून मरते. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर वस्तू सरस होती यात वाद नाही.

आणि ती विकली गेली नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपली एक सब्मिशन दोन आठवडे लांबली तर आपण हताश होतो.

हा किस्सा सांगताना बरेच जण शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसतात. मला ते पटत नाही. कारण आजोबांशी बोलल्यावर कळतं की शेतकऱ्याचा नकार हा हिशेबाचा असतो. त्याच्याकडे एकच जमीन आणि वर्षात एकच मोठा हंगाम. बेळगावातल्या कुणी सायकलवाल्याने बनवलेलं अवजार रानात घालायचं, आणि पीक गेलं तर? सायकलवाला खायला घालणार आहे का? विषाची भीती ही त्या धोक्याचं बोलीभाषेतलं नाव होती एवढंच. नांगराबरोबर लोखंडाला लागणारे जादा बैलही आलेच. जड नांगर ओढायला एक जोडी पुरत नाही, दोन-तीन-चार जोड्या लागतात. छोट्या शेतकऱ्याच्या दावणीला एवढे बैल कुठून असणार? त्याने एक तर पैरा करायचा, म्हणजे शेजाऱ्याचे बैल आज आपल्याकडे, आपले उद्या त्याच्याकडे, नाहीतर भाड्याने नांगरून घ्यायचं. म्हणजे सरस वस्तूसुद्धा सगळ्यांना सारखी सरस नसते. हे लक्ष्मणरावांच्या गौरवलेखांत सहसा येत नाही, पण यायला हवं.

मग हा नांगर खपला कसा? अवजाराच्या बाबतीत शेतकरी जाहिरात वाचून मत बदलत नाही, तास बघून बदलतो. तास म्हणजे नांगराने पाडलेली चर. बांधावर उभं राहून कुणालाही दिसतं की माती किती खोल उलटली. पुढच्या पावसात दिसतं की कुंदा आला की नाही. शेजाऱ्याच्या रानात लोखंड फिरूनही पीक उभं राहिलं, हे दिसायला एक हंगाम जावा लागतो, पण दिसतं नक्की. विकणाऱ्याने केलेला दावा घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो. माझ्या मते किर्लोस्करांच्या सगळ्या धंद्याचा पाया हा होता, आणि कदाचित तो त्यांनी निवडलेला नसून नांगर या वस्तूनेच त्यांच्यावर लादलेला होता.

आता फाळाकडे या. नांगराचा सगळ्यात आधी झिजणारा भाग म्हणजे फाळ. दगडगोट्यांच्या रानात तर तो बघता बघता बोथट होतो. म्हणून फाळ सुटा असतो. बोल्ट काढला, नवा लावला, नांगर पुन्हा तयार. म्हणजे गिऱ्हाईक नांगर एकदाच घेतो, पण फाळ पुन्हा पुन्हा घेत राहतो. कारखानदाराला याहून गोड काय असणार!

गंमत बघा, त्याच १९०३ साली तिकडे अमेरिकेत जिलेट नावाच्या गृहस्थांनी दाढीचा नवा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. त्या रेझरचं पातं धार लावून वापरायचं नव्हतं. वापरायचं आणि फेकायचं. रेझर एकदा, पाती जन्मभर! आज हे धंद्याचं सूत्र म्हणून शिकवलं जातं. बेळगावचा फाळ आणि बॉस्टनचं पातं, दोन्ही सुटे, दोन्ही बदलायचे. मग फरक काय? फाळ झिजतो तो मातीमुळे. तो जितका कठीण तितका जास्त टिकतो, आणि कच्चा फाळ दिला तर शेतकरी दुसऱ्या खेपेला तुमच्या दारात येत नाही, गावातल्या लोहाराकडे जातो. लोहार हा तिथला कायमचा स्पर्धक. पातं मात्र मुळातच फेकण्यासाठी योजलेलं होतं.

त्याही पुढची पायरी १९२४ मध्ये गाठली गेली. युरोप-अमेरिकेतल्या बड्या बल्ब कंपन्यांनी जीनिव्हाला फीबस नावाचं मंडळ स्थापलं आणि आपापसांत ठरवून बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं. त्याआधीचे बरेच बल्ब याहून जास्त टिकत होते. जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड! म्हणजे इंजिनिअरांना काम दिलं गेलं की बल्ब लवकर कसा जाईल ते शोधा. त्यांनी ते मन लावून शोधलंही असणार. आपल्यासारखेच हुशार असतील ते.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या रूमवर चौघांनी वर्गणी काढून प्रोजेक्टसाठी प्रिंटर घेतला, अगदी स्वस्तात. शाई संपली तेव्हा कार्ट्रिज आणायला गेलो तर त्याची किंमत प्रिंटरच्या निम्म्याच्या आसपास! दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कार्ट्रिज घातलं तर प्रिंटर ते ओळखून बंद. आत एक चिप असते म्हणे. ही चिप कागदावर एक टिंबही उमटवत नाही. तिचं काम एकच, आम्हाला गावातल्या लोहाराकडे जाऊ न देणं. आणि ती चिप कुणीतरी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधरानेच डिझाइन केलेली आहे. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की हा विषय फक्त एमबीएवाल्यांचा नाही. नफ्याचा हिशेब जाहिरातीत शिरण्याच्या कितीतरी आधी ड्रॉइंगमध्ये शिरलेला असतो.

असो. बेळगावला परत जाऊ.

धंदा जरा कुठे उभा राहतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने वर्कशॉपची जागा सोडायला सांगितली. तिथे ठळकवाडी ही नवी वसाहत वसवायची होती. कारखाना हलवायचा कुठे? अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह तिथे उतरले आणि किर्लोस्करवाडी सुरू झाली. शंभूराव जांभेकर इंजिन-मशीनकडे बघत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, रामूअण्णा वसाहत उभी करण्यामागे. निवडुंग तोडून घरं, रस्ते, झाडं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता, आणि गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना तिथे रखवालदारीचं काम मिळालं. त्या काळात या दोन्ही गोष्टी सोप्या नव्हत्या.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी मालाची आवक घटली. विलायती नांगर येईनात, त्यामुळे गिऱ्हाईक आपणहून चालत आलं. पण कच्चा मालही येईना. लोखंड नाही, कोळसा नाही, रंग नाही. भट्टीत कोळशाऐवजी लाकूड जाळून बघितलं. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळवून नांगर! कुठल्याही जाहिरात कंपनीला सुचणार नाही अशी ही गोष्ट, आणि ती घडली केवळ टंचाईमुळे.

१९२० साल या गोष्टीत महत्त्वाचं. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं मासिक सुरू केलं. उद्देश साधा आणि धंद्याचा. कारखान्यात काय बनतं, ते कसं वापरायचं, कुठे मिळतं, हे शेतकऱ्यांना आणि विक्रेत्यांना कळावं. आजच्या भाषेत निव्वळ प्रचाराचं पत्रक.

पण नुसती यंत्रांची वर्णनं कोण वाचणार? मग त्यात उद्योगाच्या गोष्टी आल्या, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचे लेख आले, कथा आल्या, शंकररावांची चित्रं आली. हळूहळू नांगर मागे पडला आणि मासिक पुढे गेलं. खबर शब्द गळून नुसतं किर्लोस्कर राहिलं. १९३० मध्ये स्त्री आलं, १९३४ मध्ये मनोहर. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे, रूढींवर कोरडे ओढणारे लेख किर्लोस्करमधून आले आणि घराघरांत वाद पेटले. स्त्री मासिकाने बायकांना त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहायला जागा दिली. पुढे विद्या बाळ त्याच्या संपादक झाल्या. माझ्या आजीच्या माहेरी जुन्या अंकांची चळत होती असं ती सांगते. नांगर विकायला काढलेल्या कागदाने मराठी घरांतल्या माजघरात जाऊन वेगळंच रान नांगरलं.

याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. कुणी म्हणेल, वाचनाच्या मिषाने नाव डोक्यात बसवण्याचा हा प्रकार. कार्यक्रम बघता बघता मध्येच साबण येतो, त्याचाच जुना अवतार. त्यात तथ्य आहे. मासिकाचं नाव आणि पंपाचं नाव एक, म्हणजे दर महिन्याला घरात येणारी फुकटची पाटीच की! दुसरीकडे हेही खरं की वाचकाला त्याच्या पैशांच्या मोबदल्यात वाचायला मिळत होतं, आणि ते चांगलं आहे की नाही हे त्याला तिथल्या तिथे कळत होतं. नांगराचं तास, सायकल शिकणाऱ्याचे गुडघे आणि मासिकाची पानं, तिन्ही ठिकाणी गिऱ्हाइकाच्या हातात परीक्षा होती. मी दुसऱ्या बाजूला जास्त झुकतो, पण पहिल्या बाजूचं तोंड बंद करता येईल असं मला वाटत नाही. स्वदेशीचंही तसंच. किर्लोस्करांचा माल स्वदेशी होता हे सत्य, आणि स्वदेशी या शब्दाने माल खपायला मदत झाली हेही सत्य. देशप्रेम आणि नफा एकाच गाडीला जुंपले की कुठला बैल जास्त ओढतो ते गाडीवानालाही सांगता येत नाही.

हा परीक्षेचा मुद्दा डोक्यात ठेवून मी अलीकडे आपल्या मिरा-भाईंदरमध्ये फिरतो. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे गाळे आहेत. हॉस्टेलवरच्या अर्ध्या मुलांनी ते पाहिलेही नसतील. प्रेसचा धडधडाट आणि पॉलिशची काळी धूळ. स्टीलचं भांडं पूर्वापार वजनावर विकलं जायचं, अजूनही भांड्यांच्या जुन्या दुकानांत विकतात. काटा समोर, भाव किलोचा, पत्रा पातळ असला तर वजनच सांगून टाकतं. तोच डबा मॉलच्या शेल्फवर रंगीत खोक्यात बसला की नगावर विकतात. वजन मागे पडलं, नाव पुढे आलं. आपण डबा घेताना आता बोटाने पत्रा दाबून बघत नाही, खोक्यावरचा हसरा चेहरा बघतो. बिस्किटांचंही असंच. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो, आतले ग्रॅम मात्र कमी होत जातात. किंमत लक्षात राहते, वजन कोण वाचतो?

पण माझी ही फूटपट्टी सगळीकडे चालत नाही, आणि ते दाखवायलाही भाईंदरच पुरेसं आहे. लोकलमधून जाताना खाडीच्या बाजूला जी शिल्लक मिठागरं दिसतात ती बघा. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ खरवडून ढीग करायचा. यापेक्षा उघडा कारखाना जगात नसेल. आणि तरीही स्वयंपाकघरात आपण घेतो ते पिशवीतलं, आयोडीन घातलेलं. ते आयोडीन डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पण त्याच्या अभावी गलगंड होतो, मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. १९६२ पासून सरकारने त्यासाठी देशभर कार्यक्रम राबवला. म्हणजे इथे गिऱ्हाइकाला तपासता न येणारा दावा खरा आहे! फक्त त्या खऱ्या दाव्याच्या शेजारी, त्याच पिशवीवर, शुभ्रपणाचे आणि मोकळेपणाचे इतर दावेही छापलेले असतात, आणि त्यातला कुठला आरोग्यासाठी आणि कुठला खपासाठी हे दुकानात उभं राहून ओळखणं अवघड. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचं काम आपल्यापेक्षा सोपं होतं, असं म्हणायला हरकत नाही. त्याला एक हंगाम थांबता येत होतं.

लक्ष्मणरावांच्या हयातीतच कारखाना नांगरापलीकडे खूप पसरला. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, मग मोठे पंप, लेथ. शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आले होते. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, त्याच वर्षी बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा. एक मात्र सांगायला हवं. फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. आजूबाजूच्या ज्या गावांच्या रानांत इथला नांगर फिरला, त्याच भागात हे घडलं. आयुष्यभराचं काम जळताना बघायची वेळ लक्ष्मणरावांवर एकोणऐंशीव्या वर्षी आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आमच्या गोठ्यामागच्या नांगराची मी परवाच्या सुट्टीत नीट पाहणी केली. सांगाडा गंजलाय पण सरळ आहे. फाळ दोनदा तरी बदललेला असावा असं आजोबा म्हणाले. एक कंपनीचा, एक गावातल्या लोहाराने बसवलेला. दोन्ही बोल्ट एकाच मापाचे.

कधी कोल्हापूरच्या गाडीत बसलात तर ताकारी सोडल्यावर जागे राहा. पुढचं स्टेशन किर्लोस्करवाडी, मग भिलवडी. कुंडल रोड ही पाटी जाऊन कितीतरी वर्षं झाली. गाडी थांबते तेव्हा उजेड असेल तर झाडी दिसते, तिथे एकेकाळी निवडुंग होता.